खड्ड्यात गाडी आदळते? आधी हवा बघा

खड्ड्यात गाडी आदळते म्हणून मेकॅनिकने चारही शॉकअप (चाकाजवळचे, धक्का शोषणारे नळकांड्यासारखे भाग) बदलायला सांगितलेत ना? थोडं थांबा. सुरुवात टायरच्या हवेपासून करा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा बघा. बहुतेक लहान गाड्यांत तो ३० ते ३५ पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं एकक) आसपास असतो. पंपावर "चाळीस टाकू?" असं विचारलं तर स्पष्ट नाही म्हणा. टायर दगडासारखा कडक झाला की प्रत्येक खड्डा थेट कमरेत जातो. हवा तपासायची ती सकाळी, टायर थंड असताना. गाडी पळाली की आकडा आपोआप वाढतो.

हवा बरोबर असूनही त्रास असेल तर:

- हळू जाताना बारीक खड्ड्यांवर पुढून "खट खट" येतंय का? बऱ्याचदा लिंक रॉड (चाकाजवळचा छोटा जोडदांडा) किंवा बुश (सांध्यातलं रबर) गेलेला असतो. शॉकअपपेक्षा हे काम खूप स्वस्तात होतं, म्हणून आधी हेच तपासून घ्या.
- बॉनेटचा कोपरा जोरात दाबून सोडा. गाडी डुलत राहिली तर शॉकअप संपला. लगेच स्थिरावली म्हणून तो नक्की चांगलाच, असं मात्र नाही.
- चाकामागे वाकून बघा. शॉकअपवर तेल ओघळून धूळ चिकटली असेल तर तो गेलाच.

शॉकअप बदलायचाच झाला तर एकटा नको. पुढची किंवा मागची जोडी बदला. पुढचे बदलले तर अलाइनमेंटही (चाकांची दिशा नीट जुळवणं) करून घ्या. स्प्रिंगमध्ये बसवायच्या रबरी बफरच्या नादी आत्ता अजिबात लागू नका. त्याने गाडी उंच राहते, पण आणखी कडक होते.