मिक्सर उघडून बसणाऱ्या मुलाचं काय करायचं?

ताई नमस्कार,

पत्र दोनदा वाचलं, आणि खरं सांगू का, मधेच हसू आलं. तुमच्या त्रासाला नाही हसलो हो, "हॉलमध्ये चालताना पायात स्क्रू घुसतात" हे वाचून माझी आई आठवली. मी घरचा रेडिओ उघडला होता आणि जोडल्यावर चार स्क्रू उरले होते, ते तिने बरीच वर्षं हळदीकुंकवाच्या जुन्या डबीत ठेवले होते, आल्यागेल्याला दाखवायला.

तर तुमचं म्हणणं असं, की मुलगा १०वीत गेलाय, ९वीला ६२ टक्के, सुट्टी लागल्यापासून पुस्तकाला हात नाही, सकाळी उठला की स्क्रूड्रायव्हर घेऊन बसतो. शेजारच्या काकूंचा पंखा केला, सायकल केली, आता घरचा मिक्सर चार दिवस उघडा पडलाय आणि तुम्ही चटणी खलबत्त्यात कुटताय. बाबा म्हणतात आवड आहे तर रोबोटिक्सचा क्लास लावू, तुम्ही म्हणता सगळं माळ्यावर टाका आणि व्हेकेशन बॅचला घाला. यात करिअर आहे की नुसता टाइमपास?

आत्ता तरी टाइमपासच आहे. आणि असू दे की. सुट्टीत मुलाने स्वतःहून काहीतरी हाती घेतलं की आपण लगेच त्याला कोर्स आणि कॉलेज चिकटवायला बघतो, त्यात त्याची मजा जाते आणि आपले पैसे जातात. माझीच चूक सांगतो. खूप वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्याकडे करिअरचा सल्ला विचारायला आली होती, चित्रं अप्रतिम, मी छातीठोकपणे आर्किटेक्चर सांगून मोकळा झालो. दीड वर्षात सोडलं तिने. तिला माणसांचे चेहरे काढायला आवडायचे, इमारतींशी काही देणंघेणंच नव्हतं, आणि मी साधं विचारलंही नव्हतं की बाई तू काढतेस काय.

म्हणून "दुरुस्तीची आवड" एवढ्यावर मी काही सांगणार नाही. तो नेमका कशात रमतो ते बघा. काहींना फक्त उघडून आत काय आहे ते बघायचं असतं, जोडायचा कंटाळा. काहींना बिघाड सापडेपर्यंत जेवण सुचत नाही. आणि काहींना काकूंच्या घरी जाऊन पंखा फिरवून दाखवायचा, त्यांच्याकडे चहा घ्यायचा, दुसऱ्या दिवशी परत विचारायला जायचं यातच खरी गंमत असते, अशी मुलं पुढे स्वतःचा धंदा छान करतात. मिक्सर चार दिवस उघडा आहे तो पार्ट मिळत नाही म्हणून, की त्याचं मन उडालं म्हणून? हे तुम्ही लिहिलं नाहीत आणि मला सगळ्यात जास्त तेच हवंय.

एक वही द्या त्याला. काय बिघडलं होतं, आधी काय वाटलं, निघालं काय, पार्ट कितीला पडला, एवढंच लिहायचं. चुकलं तेही लिहायचं. काकूंचा पंखा हाताने ढकलल्यावर फिरत होता ना? बहुतेक कपॅसिटर गेला असणार, पंख्याला सुरू व्हायला मदत करणारा छोटा डबा असतो तो, २.५ मायक्रोफॅरडचा. आता त्याला विचारा, मिक्सरच्या मोटरमध्ये कार्बन ब्रश असतात, ते झिजतात, मग पंख्यात का नसतात? उत्तर नाही आलं तर तुम्ही सांगू नका, १०वीच्या विज्ञान भाग १ मध्ये विद्युतधारेचे परिणाम हा धडा आहे, मोटर, फ्यूज, फ्लेमिंगचा नियम सगळं त्यात आहे, ते पुस्तक नुसतं त्या मिक्सरशेजारी नेऊन ठेवा. अभ्यास कर म्हणायचं नाही.

क्लासबद्दल, सध्या नको. तयार किट जोडून रोबोट पळवण्यापेक्षा तो आत्ता करतोय ते अवघड आहे. त्यातल्या थोड्या पैशात मल्टिमीटर आणि सोल्डरिंगचं सामान येईल, पुण्याला येणं झालं तर बाबांनी त्याला तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्स पार्टच्या बाजारात, घेऊन जावं आणि स्वतः गप्प उभं राहावं. पण एका बाबतीत कडक राहा. प्लग काढल्याशिवाय हात लावायचा नाही, एकट्याने घरी असताना काम नाही, आणि मायक्रोवेव्ह कधीच उघडायचा नाही, प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणं व्होल्टेज शिल्लक राहू शकतं. घरच्या बोर्डावर आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच, नसेल तर वायरमनला बोलावून ३० मिलिअँपिअरचा बसवून घ्या, तो तसाही हवाच.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण अजून वर्ष आहे. १०वीनंतर आयटीआयला इलेक्ट्रिशियन किंवा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक २ वर्षं, मग अप्रेंटिस. किंवा पॉलिटेक्निकचा ३ वर्षांचा डिप्लोमा, प्रवेश १०वीच्या मार्कांवर होतो, म्हणून ६२ चे थोडे वाढलेले बरे. "आयटीआय म्हणजे नापास मुलांचं" हे पत्रात तुम्ही दोनदा लिहिलंत, ते डोक्यातून काढा, आयटीआय करून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं आणि डिप्लोमावरून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आणि जमलं तर या सुट्टीत त्याला पाबळला घेऊन जा, पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात. डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला, हाताने काम करत शिकायचं अशी पद्धत आहे. प्रवेशासाठी नाही म्हणत मी, फक्त बघून या. आपल्यासारखी अजून पोरं असतात हे त्याला कळेल.

राहिला पसारा. हॉल बंद, गॅलरीचा कोपरा त्याचा. बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे द्या, एकात काढलेले स्क्रू, दुसऱ्यात उरलेले. आणि मिक्सरला रविवारपर्यंतची मुदत द्या, नाही झाला तर त्याने स्वतः रिपेअरवाल्याकडे न्यायचा, तिथे उभं राहून बघायचं आणि वहीत लिहायचं. जूनमध्ये त्या वहीच्या तीन-चार पानांचे फोटो मला पाठवा, मार्कशीट नको.