गाडी थरथरते, दोष कोणाचा?

प्रश्न: अमेरिकेतल्या मामांनी जुना अटारी व्हीसीएस (टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल) आणि 'स्ट्रीट रेसर' या गाडीच्या खेळाचं कार्ट्रिज दिलं. गाडी पडद्यावर सारखी थरथरते, आणि खेळही अगदीच मिळमिळीत वाटतो. कार्ट्रिज खराब आहे का? सोबत 'इंडी ५००' या दुसऱ्या शर्यतीच्या खेळाचा गोल कंट्रोलरही आलाय, तो लावून पाहू का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: कार्ट्रिज बहुधा ठीक आहे. ते बिघडलं असतं तर खेळ सुरूच झाला नसता किंवा पडदाभर ठिगळं दिसली असती. थरथर येते ती पॅडलमधून, म्हणजे गाडी सरकवायला जो गोल नॉबचा कंट्रोलर फिरवता त्यातून.

पॅडलच्या आत १ मेगाओहमचं पोटेन्शिओमीटर असतं, म्हणजे दांडा फिरवला की विजेला होणारा रोध कमी-जास्त करणारा भाग. कन्सोल दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्राला, एक कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) रिकामा करतो आणि तो पुन्हा भरेपर्यंत पडद्याच्या किती रेषा रंगल्या ते मोजतो. त्या संख्येवरून गाडीची जागा ठरते. कार्बनच्या पट्टीवर धूळ बसली की रोध क्षणोक्षणी उड्या मारतो आणि सेकंदाला ६० वेळा वेगळा आकडा येतो.

एका प्लगला दोन पॅडल असतात. एकच थरथरत असेल तर त्याचं पोटेन्शिओमीटर मळलंय. दोन्ही थरथरत असतील तर आधी प्लग आणि सॉकेटच्या पिना पुसा. मग केबल काढून पॅडल उघडा: खालचे स्क्रू काढा, नॉब सरळ वर ओढा. पोटेन्शिओमीटरच्या फटीत इलेक्ट्रॉनिक्सचा काँटॅक्ट क्लीनर फवारा आणि दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. गंज सोडवायचं तेल मात्र नको, त्यावर पुन्हा धूळ चिकटते. पूर्ण वाळल्यावर मल्टिमीटर (रोध मोजायचं यंत्र) लावून हळू फिरवा. आकडा मध्येच उडाला तर पट्टी झिजली आहे, भाग बदलावा लागेल.

'इंडी ५००'चा कंट्रोलर इथे चालणार नाही. दिसायला पॅडलसारखाच असला तरी तो कुठेही न अडता गोल फिरत राहतो आणि रोधाऐवजी फक्त चालू-बंद संकेत देतो.

आता मिळमिळीतपणाचं. तुमचं काही चुकत नाहीये. 'स्ट्रीट रेसर' १९७७ सालचा, कन्सोलसोबत आलेल्या पहिल्या नऊ कार्ट्रिजपैकी एक. प्रोग्रामर लॅरी कॅप्लन. कार्ट्रिजच्या २ किलोबाइटमध्ये खेळाचे २७ प्रकार कोंबलेत, पण गाडी तळाशी डावी-उजवीकडेच सरकते. वळण नाही, ट्रॅक नाही, समोरून गाड्या येत राहतात. यंत्राला १२८ बाइट रॅम, म्हणजे कामापुरती स्मृती अगदीच तुटपुंजी, हे खरं. पण 'इंडी ५००' त्याच वर्षी, त्याच यंत्रावर, तेवढ्याच जागेत वळणदार ट्रॅक देतो. त्यामुळे सगळा दोष यंत्रावर ढकलता येत नाही.

याच कार्ट्रिजमधल्या प्रकारांपैकी 'नंबर क्रंचर' जरा बरा, त्यात आकडे टिपत गुण मिळवायचे. आणि चौघं असाल तर पॅडलची दुसरी जोडी मिळवा. एकट्याने खेळायचा हा खेळच नव्हे.