गड्ड्याच्या जत्रेत खेळलेला तो भुतांचा व्हिडिओ गेम आज पुन्हा खेळण्यासारखा आहे का?

चिलखतवाला शिपाई, कबरीतून उठणारी भुतं आणि मार लागला की नुसत्या चड्डीवर पळणारा हिरो म्हणताय, म्हणजे तो कॅपकॉम या जपानी कंपनीचा १९८५ चा 'घोस्ट्स अँड गॉब्लिन्स'. तोकुरो फुजिवाराने बनवलेला. नक्की खेळा!

एकच सांगतो, हाताची सवय आधी मोडा. यात उडी एकदा मारली की हवेत दिशा बदलता येत नाही. आजचे गेम खेळलेला हात तिथेच फसतो. जमिनीवर उभं राहायचं, भूत मातीतून अर्धं वर येऊ द्यायचं, भाला फेकायचा, मग पुढचं पाऊल. पहिल्या स्मशानात तो लाल पंखवाला राक्षस बसलेला असतो, त्याच्यावर धावून जाऊ नका. तो झेप घेऊन खाली येतो तेव्हाच मारा. भाल्याऐवजी मिळणारी मशाल तर शक्यतो उचलूच नका, तिने खेळ नुसता अवघड होतो.

पहिला मार चिलखत नेतो, दुसऱ्याला हिरोचा हाडांचा सापळा होतो. शेवटच्या राक्षसाला हरवलं तरी हा सगळा भ्रम होता म्हणून गेम परत पहिल्यापासून खेळायला लावतो, तेही आणखी कठीण. नाणी टाकून खेळणाऱ्या पोरांसाठी हे निर्दय होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कॅपकॉम आर्केड स्टेडियम या जुन्या गेमांच्या संग्रहात तो विकत मिळतो. तिथे चूक झाली की मागे जाता येतं. शिकण्यापुरतं ते वापरा, मग बंद करून खेळा की. भीती तेव्हाच वाटते.