वाचकांचे प्रश्न: जुन्या वहीतला मण कोणता?

प्रश्न: आमच्या तरुण शेतकरी मंडळाची १९५६ पासूनची पीकस्पर्धेची वही सापडली आहे. मंडळाचा इतिहास छापायचा आहे. जुने उतारे (गुंठ्याला किती पीक निघाले ते) किलोत कसे मांडावेत? (एक वाचक, करवीर तालुका)

उत्तर: गुणाकार करण्याआधी मण कोणता ते ठरवा. मुंबई मण २८ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२.७ किलो. बंगाली मण सुमारे ३७.३ किलो. दोन्हींचे शेर ४०च, त्यामुळे शेरांची बेरीज पाहून उलगडा होत नाही. गुंठ्याला एक मण भात म्हणजे पहिल्या मापाने एकरी ५०८ किलो आणि दुसऱ्याने जवळपास १,४९३. स्पर्धेच्या वहीत दोन्ही आकडे खपून जातात, खरी गोम तीच. वहीत अडत्याची पट्टी (माल विकल्याचा हिशेब) चिकटवलेली असेल तर तिच्यावरचा दर आणि वजन ताडून पाहा. १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने आली, तेव्हा त्या सुमाराच्या पानांवर एकाच मालाचे मण आणि किलो दोन्ही मिळू शकतात. काहीच पुरावा नसेल तर आकडा मणातच छापा. चुकीच्या किलोपेक्षा मूळ मण बरा.

मोजणीतही फसगत असते. गुंठा ३३ फूट बाय ३३ फुटांचा, म्हणजे १,०८९ चौरस फूट. दोरी बांधावरून धरली आणि दोन्ही बाजू ३४ फूट झाल्या, तर क्षेत्र सहा टक्क्यांनी वाढते आणि तेवढाच उतारा फुगतो. मळणीनंतर लगेच तोललेल्या भातात २२ टक्के ओल असेल, तर १०० किलोचे १४ टक्के ओलीला ९१ किलोच उरतात. भुईमुगाच्या नोंदीत शेंगा की दाणे, ओल्या की वाळल्या, हेही पाहा.

उसाच्या रकान्यात आडसाली, सुरू आणि खोडवा (तोडणीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस) एकत्र टाकू नका. आडसाली रानात सोळा-अठरा महिने असतो, सुरू बारा. खोडव्याशी आडसालीची तुलना करणे म्हणजे पैलवानाची कुस्ती शाळकरी पोराशी लावणे. वाणावरून पानाची तारीखही ताडता येते. को ८६०३२ या उसाच्या वाणातले ८६ हे निवडीचे साल, म्हणून १९८६ च्या आधीच्या पानावर तो दिसला तर पान नंतर लिहिले आहे किंवा नक्कल आहे.

बक्षिसांच्या आण्यांचेही लक्षात ठेवा. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले, आणि सहा आणे म्हणजे साडेसदतीस नवे पैसे. मुळातले आणे तसेच ठेवून कंसात पैसे द्या.

प्रश्न: अशा मंडळांची कल्पना मुळात कुणाची? (एक वाचक, राधानगरी तालुका)

उत्तर: एकाच माणसाची म्हणता येणार नाही. जानेवारी १९०२ मध्ये अमेरिकेतल्या ओहायोत ए. बी. ग्रॅहम यांनी मुलामुलींचे शेतीमंडळ सुरू केले. प्रौढ शेतकरी नव्या बियाण्याला हात लावेनात, तेव्हा ते पोरांच्या तुकड्यावर पिकवून दाखवायचे, अशी त्या काळातल्या या मंडळांची युक्ती होती. १९१० मध्ये साउथ कॅरोलिनात मरी क्रोमर यांनी मुलींना टोमॅटोसाठी दहावा हिस्सा एकर, म्हणजे आपले चार गुंठे दिले. १९१४ च्या अमेरिकी कायद्याने या कामाला सरकारी विस्तारसेवेची (शेतीचे नवे ज्ञान गावात पोचवणाऱ्या यंत्रणेची) जोड मिळाली. ब्रिटनमध्ये १९२१ ला डेव्हनमधल्या हेमिऑकला वासरे पाळण्यापासून सुरुवात झाली.

आपल्याकडे २ ऑक्टोबर १९५२ च्या समूह विकास कार्यक्रमाने गावोगावी युवक मंडळांना उत्तेजन दिले. नाबार्डने (शेती आणि ग्रामविकासाची राष्ट्रीय बँक) १९८२ मध्ये विकास व्हॉलंटिअर वाहिनी काढली, तिचे नाव २००५ मध्ये फार्मर्स क्लब झाले. वहीतल्या ‘क्लब’ शब्दावरून पान कोणत्या काळातले याचा अंदाज येतो, खात्री नव्हे.

प्रश्न: महापुराच्या पाण्यात वही भिजली, पाने चिकटली आहेत.

उत्तर: ओढून सोडवू नका, उन्हातही ठेवू नका. पाने सुटी होत असतील तर मध्ये कोरे पांढरे कागद घाला, पंख्याखाली ठेवा आणि कागद ओले झाले की बदला. छापील वर्तमानपत्राची शाई उतरते, म्हणून ते नको. दोन दिवसांत बुरशी धरते. तेवढ्यात जमणार नसेल तर वही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे वेळ मिळतो. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका आणि पाने लॅमिनेटही करू नका. पूर्ण वाळली की आधी प्रत्येक पानाचा फोटो काढा, मगच सुती रुमालात बांधा.