टर्बो वाया जाणाऱ्या धुरावर फिरतो, मग ती ताकद फुकटचीच नाही का?

वाईहून पसरणी घाट चढून वर आल्यावर ड्रायव्हरने गाडी थांबवली, पण इंजिन दोन मिनिटं चालूच ठेवलं. विचारलं तर म्हणाला, ‘टर्बो निवू दे.’ त्यावरून तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: धुरावर फिरणारं चाक इंजिनाला ताकद कशी देतं, आणि त्याला निववायचं कशासाठी. मी साताऱ्यात बावीस वर्षं डिझेल इंजिनांचं काम करतोय. हा प्रश्न गिऱ्हाईक फारसं विचारत नाही, त्यामुळे तो वाचून खरंच बरं वाटलं.

आधी एक सांगतो. टर्बो ताकद देत नाही, हवा देतो. ताकद डिझेलमध्ये आहे आणि ती बाहेर काढायला हवा लागते. एक लिटर डिझेल पुरतं जळायला साधारण १२ किलो हवा पाहिजे. माण-खटावात उन्हाळ्यात दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर येतो ना, तेवढी हवा एका लिटर डिझेलला. प्रत्यक्षात इंजिन त्याहून जास्तच घेतं, नाहीतर काळा धूर ओकतं. पिस्टन स्वतः किती ओढणार? दोन लिटरचं इंजिन दोन फेऱ्यांत फार तर दोन लिटर. त्यात पाचगणी साधारण १,३०० मीटरवर, म्हणजे तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळजवळ १२ टक्क्यांनी विरळ. बिनटर्बोचे जुने ट्रक घाटात काळे ढग सोडत चढायचे ते यामुळेच. पंप डिझेल तेवढंच द्यायचा, हवा मात्र कमी पडायची.

ही कमी भरून काढतो कॉम्प्रेसर, म्हणजे टर्बोतला हवा दाबणारा भाग. विहिरीवरचा मोनोब्लॉक पंप उघडा पाहिला असेल तर निम्मं काम झालं. पाणी इम्पेलरच्या मधोमध शिरतं, चाक ते भिरकावून कडेला फेकतं आणि शंखाच्या आकाराच्या केसिंगमध्ये त्याचा वेग उतरून दाब वाढतो. कॉम्प्रेसर हुबेहूब तेच करतो, फक्त हवेला. पण हवा पाण्यापुढे अगदीच हलकी, तिला दाब द्यायचा तर वेग भयानक लागतो. तुमचा पंप मिनिटाला २,९०० च्या आसपास फेरे घेतो. ५० मिलिमीटरचं टर्बोचं चाक मिनिटाला दीड लाख फेरे घेतं, तेव्हा त्याची कड सेकंदाला ३९० मीटर पळत असते. आवाजापेक्षाही जोरात.

आता मूळ शंका. हे चाक फिरवतं कोण? ते ज्या दांड्यावर बसलंय त्याच्या दुसऱ्या टोकाला टर्बाइन, म्हणजे पात्यांचं चाक असतं, एक्झॉस्टच्या म्हणजे धूर बाहेर जायच्या वाटेत बसवलेलं. ‘धूर पात्यावर आपटतो म्हणून ते फिरतं’ असं सांगतात, पण ते अर्धंच खरं आहे. कोयनेच्या पहिल्या टप्प्यातल्या पेल्टन चाकांवर पाण्याची धार आदळते, आणि पाणी जवळपास जेवढं गार आत आलं तेवढंच गार बाहेर जातं. टर्बोत तसं होत नाही. सिलिंडरमधून सुटलेला वायू दाबाखाली असतो आणि घाटात ६००-७०० डिग्रीपर्यंत तापलेला असतो. अरुंद वाटेतून जाताना तो पसरतो, पसरताना वेग घेतो, तो वेग पात्यांना देतो आणि स्वतः थंड होतो. म्हणजे उष्णतेचंच फिरणं होतं.

याचा हिशेब मांडता येतो. बाहेरची ३० डिग्रीची हवा कॉम्प्रेसरने दुप्पट दाबाला नेली, तर ती तापून १२० डिग्रीच्या आसपास जाते. हे ९० डिग्री आले कुठून? दांडा एकच, दुसरं कुणी त्याला फिरवत नाही. म्हणून टर्बाइनमधून बाहेर पडणारा धूर साधारण ८० डिग्रीने उतरलेला असतो. या बाजूला जमा, त्या बाजूला खर्च. मला या धंद्यात सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे.

आणि नाही, ते पूर्ण फुकट नाही. टर्बाइन म्हणजे एक्झॉस्टच्या वाटेतला अडथळा. पिस्टनला जळका वायू बाहेर ढकलताना थोडा जोर जास्त लावावा लागतो. पण डिझेलमधल्या ऊर्जेचा जवळजवळ तिसरा हिस्सा नाहीतरी धुराबरोबर निघून जातो, त्यातलंच थोडं परत मिळतं. आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर साखर कारखाना बघा. ऊस गाळून उरलेला बगॅस बॉयलरमध्ये जातो, त्या वाफेवर टर्बाइन फिरतं आणि त्याच ताकदीवर पुढचा ऊस गाळला जातो. टर्बोत तेच घडतं, बगॅसच्या जागी धूर.

तापलेली हवा फुगते हे विसरू नका. दाब दुप्पट झाला तरी १२० डिग्रीला हवेचं वजन दीडपटच भरतं. तीच इंटरकूलरमधून, म्हणजे दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीतून, ५० डिग्रीपर्यंत निववली की पावणेदोनपटीच्या पुढे जातं. म्हणून इंटरकूलरच्या जाळीत चिखल बसला की घाटात गाडी दमते आणि दोष मात्र टर्बोला लागतो. हे मी शंभरदा पाहिलंय.

ही कल्पना नवी नाही. अल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने तिचं पेटंट १९०५ साली घेतलं. विमानाच्या जेट इंजिनातही हीच जोडी असते, पुढे कॉम्प्रेसर आणि मागे टर्बाइन. मधे पिस्टनऐवजी सतत पेटलेली ज्वाळा.

आता निववायचं कशासाठी. बहुतेक टर्बोंचा दांडा बॉल बेअरिंगवर नसतो, तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेच तेल त्याला गारही ठेवतं. इंजिन बंद झालं की तेलाचा पंपही बंद. टर्बाइनच्या लोखंडातली धग दांड्याच्या मधल्या भागात शिरते आणि तिथे अडकलेलं तेल करपून त्याचा कोळसा होतो. एका ट्रकचे आठ महिन्यांत दोन टर्बो गेले होते. दुसरा मीच बसवला, पण तेलाची नळी न उघडता. नंतर ती उघडली तर कोळशाने इतकी दाटली होती की सुई जाईना. ती चूक माझीच होती. तेव्हापासून नळी आणि तिचे बोल्ट साफ केल्याशिवाय किंवा बदलल्याशिवाय मी नवा टर्बो बसवत नाही.

तुमचा ड्रायव्हर बरोबर वागला. घाट संपल्यावर पाचगणीच्या बाजारातून गाडी हळूहळू आली असेल तर टर्बो वाटेतच निवतो, वेगळं थांबायची गरज नाही. पण माथ्यावरच फोटोसाठी उतरलात, तर इंजिन एक-दोन मिनिटं सावकाश चालू द्या. आणि सकाळी गाडी सुरू केल्या केल्या ॲक्सिलरेटर दाबू नका, तेल वर चढायला थोडा वेळ लागतो.