फाटक्या साड्यांची पिशवी

प्रिय चिऊ,

"आई, आजीनं मला फाटक्या साड्या का पाठवल्यात?" तुझा मेसेज वाचून आधी मी पोटभर हसले. मावशीनं कराडहून येताना स्वतःचे दोन ड्रेस मागे ठेवून ती पिशवी बॅगेत कोंबली, आणि तू ग्लासगोत ती उघडून विचारतेस की गोधडीच करायची तर इथल्या दुकानातलं छान नवं सुती कापड का नको? फोनवर सांगायला घेतलं की तू "हो, हो" करून फोन ठेवतेस, म्हणून लिहिते आहे.

आजीनं त्या चुकून पाठवल्या नाहीत, निवडून पाठवल्यात. इतक्या धुतलेल्या, विरलेल्या, मऊ पडलेल्या लुगड्याला आपल्याकडे जुनेर म्हणतात. तुझा जन्म बर्मिंगहॅमचा, पण तुझ्या अंगाला पहिलं कापड लागलं ते आजीच्या पातळाचं. नव्या बाळाला पहिले काही दिवस कोरं कापड घालत नाहीत, कारण कोऱ्या कापडाला खळ असते आणि ते अंगाला टोचतं. तुझं पहिलं दुपटं त्याच जुनेराचं. गोधडीही अंगाशीच घ्यायची असते, तिलाही तोच नियम.

दुकानात जी तयार पांघरुणं मिळतात त्यांत मध्ये कापसाचा किंवा दुसरा कसला तरी थर भरतात. आपल्याकडची रजई तशी. गोधडीत (आजी वाकळ म्हणते, साताऱ्याकडे तोच शब्द) भरण काही नसतं. कापडावर कापड, त्यावर कापड, आणि सगळ्यातून जाणारा धावदोरा. म्हणजे ऊब, वजन, मऊपणा सगळं कापडानंच द्यायचं. नव्या कापडाचे चार थर एकत्र घेऊन सुई घालून बघ, दहाव्या टाक्याला बोट दुखेल. जुनेरातून सुई लोण्यातून जावी तशी जाते.

आणि खरं सांगू? यात काटकसर होतीच, उगाच सोवळं करून सांगत नाही. माझ्या लहानपणी दारावर बोहारीण यायची, डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन. जरीच्या, धड साड्या दिल्या की पातेलं मिळायचं. सुती विरलेल्या साड्यांकडे ती बघायचीही नाही. त्या उरायच्या, आणि उरलेल्यांची गोधडी व्हायची. पण साडी पारखायला मी आजीपेक्षा त्या बोहारणीकडूनच जास्त शिकले. ती साडी हातात घेऊन चुरगाळायची नाही. सरळ दारात उभी राहायची आणि दोन्ही हातांनी उन्हासमोर धरून सरकवत जायची. एवढंसं विरलेलं दिसलं की "ताई, हितं गेलीय" म्हणून भाव पाडायची.

तूही तेच कर. खिडकीशी उभी राहा आणि साडी हातभर हातभर पुढे घे. धड कापड उजेडातही दाट दिसतं. विरलेल्या जागी आडवे-उभे धागे वेगळे मोजता येतात, जाळीसारखे. पायाशी जिथे फॉल असतो तिथे आणि बसून बसून झिजतं तिथे हे हमखास सापडेल. तेवढं काढून टाक. पदर आणि आतला खोचायचा भाग बहुतेक चांगला असतो. पेन्सिलीनं खूण करत जा, नाहीतर घडी घातली की परत शोधावं लागतं.

त्यातल्या हिरव्या साडीत मधोमध एक लांब शिवण दिसेल. तो दंड. साडी मध्ये फाटली की फाटका भाग काढून दोन धड टोकं जोडायची आणि आणखी दोन-तीन वर्षं नेसायची, अशी पद्धत होती. ती शिवण उसवू नकोस, तशीच आतल्या थरात घाल.

आता, पिशवीतलं सगळंच सुती नाही याची मला खात्री आहे. आजीला सत्तरीनंतर टेरिकॉटचा, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेल्या कापडाचा, मोह पडला होता. शंका आली की कडेचा एक धागा ओढ, बेसिनवर चिमट्यात धर आणि काडी लाव. सूत कागदासारखं जळतं, तसाच वास येतो आणि बोटांत चुरडली की राख उडून जाते. पॉलिएस्टर आधी आक्रसतं, मग वितळून काळा कडक मणी होतो. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो. मणी झाला तर ती साडी बाजूला. असलं कापड घाम शोषत नाही, थरात निसटतं, आणि बाकीचं सुती धुऊन धुऊन विरत गेलं तरी ते आपलं ताठ तसंच राहतं. मग ओढ बसून शेजारचं जुनेर फाटतं. जरीचंही तेच, शिवाय ती गालाला ओरखडते.

धुण्याबद्दल मात्र नीट ऐक, कारण इथे मी स्वतः आपटी खाल्ली आहे. इकडे आल्यावर पहिल्याच वर्षी मी गोधडी केली. आजोबांच्या पांढऱ्या धोतराचे दोन थर, आणि वर शोभेला म्हणून बाजारातून आणलेलं लालभडक नवं कापड. न धुता शिवलं. दोन महिने रोज रात्री बसून. पहिल्या धुण्यात धोतर गुलाबी झालं आणि लाल कापड आटून सगळी गोधडी पापडासारखी गोळा झाली. नवं सुती कापड पहिल्या गरम धुण्यात मीटरमागे तीन-चार सेंटिमीटर सहज आटतं. जुनेराचं आटायचं ते केव्हाच आटून झालेलं असतं. दोघं एकत्र शिवली की एक ओढतं, दुसरं चुरगळतं.

म्हणून प्रत्येक साडी वेगळी, गरम पाण्यात, एकदा धू. आजी कांजी करते, ती पूर्ण निघाली पाहिजे. खळीवर कसर, म्हणजे कापड खाणारी कीड, येते. लाल, किरमिजी आणि काळ्या कापडाची आधी परीक्षा घे. कोपरा ओला कर, वर पांढरा फडका ठेव, गरम इस्त्री दाब. फडक्याला रंग लागला तर ते कापड गोधडीत नको. मिठाच्या पाण्यात ठेवून रंग पक्का होतो असं तुला मावशी सांगेल. मी करून बघितलंय, होत नाही. वाळवताना पूर्ण वाळू दे. तिकडे ऊन नाही, मग हीटरवर उलटीपालटी कर, पण दमट कापड थरात गेलं तर तो कुबट वास वर्षभर जात नाही.

कात्री फक्त काठाला चीर देण्यापुरती. तिथून पुढे दोन्ही हातांनी फाड. सुती कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं, कात्रीनं तुझा हात वाकडाच जाणार. फाडताना मध्येच भलतीकडे गेलं तर समज की तिथे कापड संपलं होतं. काठ वेगळे काढून ठेव. ते जाड विणीचे असतात, थरात आले तर सुई अडते. शेवटी चारी बाजूंनी गोट म्हणून लावायला तेच उपयोगी.

हिशोब सोपा आहे. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर. दीड दीड मीटरचे तुकडे पाड. काठ काढून दोन तुकडे शेजारी शेजारी जोडलेस की दोन मीटर बाय दीड मीटर, एका माणसाच्या गोधडीचा एक थर. चार थरांना आठ तुकडे, म्हणजे बारा मीटर. तीन साड्यांतून विरलेलं वगळूनही भागतं. सगळ्यांत विरळ साड्या आत, दाट दोन बाहेर. नवं कापड हौसच असेल तर खालच्या बाजूला लाव, दोनदा गरम धुऊन, आणि लाल आणू नकोस.

ती जांभळी जॉर्जेट तुला आवडली म्हणालीस. आजीचीही आवडती आहे, मावशीच्या लग्नात नेसली होती. तरी ती गोधडीत येणार नाही. घडी करून कपाटात ठेव, आणि तिकडे थंडी कितीही असली तरी दिवाळीला एकदा नेसून फोटो पाठव. निऱ्या जमल्या नाहीत तर व्हिडिओवर सांगते.

तुकडे फाडून झाले की मला कळव. टाचून घेताना थर जमिनीवर कसे पसरायचे ते लिहायला आणखी एक पत्र लागेल, आणि तुझ्या खोलीत तेवढी जमीन आहे का तेही आधी बघ.

तुझी,
आई