ताईला विचारलंस का?

प्रिय बाबू,

रविवारी तू दुकानात आलास तेव्हा मी हातातल्या मोटरीवरून मान वर केली नाही, त्याचा तुला राग आला असेल. येऊ दे. मान वर केली असती तर तोंड उघडलं असतं, आणि गिऱ्हाइकांसमोर तुझी शोभा झाली असती. रात्री मात्र झोप आली नाही, म्हणून लिहितो आहे.

सोयाबीनचे पैसे हातात आलेत, भाच्याला बारावं वर्ष लागतंय, नागपूरचा कोणी बॉल पायथन नावाचा परदेशी साप द्यायला तयार आहे. आणि तू विचारतोस, ‘काका, भाच्याला देऊ की नको?’ सापाची भीती घालवायचं काम तुझ्या बाबतीत उरलेलं नाही. दोन पावसाळे माझ्या गाडीमागे बसून फिरलास, पान लागलेल्या, म्हणजे साप चावलेल्या माणसाला देवळात न नेता दवाखान्यात कसं पोचवायचं ते पाहिलंस. ते सगळं सोडून देऊ. मला एकच सांग, ताईला विचारलंस का?

भाच्याला नव्हे. तो हो म्हणेलच, उद्या वाघाचा बछडा दिलास तरी घेईल. त्या सापाचं करणार कोण? हा साप पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. नीट सांभाळला तर वीस वर्षं सहज जगतो, तीसही जगतो. पोरगं दहावी करेल, बारावी करेल, अमरावतीला नाहीतर पुण्याला जाईल. साप घरीच राहील. ताई सकाळी निंदणाला जाते, संध्याकाळी येऊन चूल पेटवते, आणि त्यानंतर पेटीतलं पाणीही तीच बदलणार.

आता खाणं. त्याला उंदीर लागतो. शेतातला धरून द्यावा तर त्याने कुणाच्या बांधावरचं औषध खाल्लेलं असायचं. जिवंत सोडला तर तो उलटून सापालाच चावतो. म्हणून जाणकार माणसं मेलेला, गोठवलेला उंदीर वितळवून देतात. म्हणजे ताईच्या फ्रीजमध्ये, दुधाच्या पातेल्याशेजारी. विचारलंस? आणि हा साप मनात आलं तर महिनोन् महिने तोंड लावत नाही. तेव्हा घाबरून मला रात्री फोन कोण करणार, तू की ताई?

गरमीचंही तेच. त्याला पेटीच्या एका टोकाला एकतीस-बत्तीस अंश आणि दुसऱ्या टोकाला पंचवीसच्या आसपास लागतं, त्यातून तो स्वतः जागा निवडतो. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच पंचेचाळीस असतं, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि लाईन गेली की गेली. डिसेंबरच्या पहाटे उलटी तऱ्हा.

कागदांचं थोडक्यात. देशी साप घरात ठेवायचा विचारच सोड. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात नुसतं पकडणं हीसुद्धा शिकारच आहे. परदेशी जनावराची नोंद २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, हात बदलला तरी कळवावं लागतं. तुझा नागपूरवाला ‘कागद नंतर पाहू’ म्हणाला असेल, तर त्याचा नंबर खोडून टाक.

पण हे सगळं जमलं असं धर. तरी माझा जीव एका गोष्टीत अडकला आहे. मागच्या भादव्यात आपण कपाशीच्या धुऱ्यावर गेलो होतो, आठवतं? तो पोरगा हातात काठी घेऊन सांगत होता, ‘अजगराचं पिल्लू आहे, काही करत नाही.’ पाठीवर साखळीसारखे तपकिरी ठिपके, शेपूट आखूड, अंग जाड, आणि आपण जवळ जाताच कुकरची शिट्टी सुटावी तसा फूत्कार. जहरी घोणस होती ती. आपल्याकडे लोक घोणशीला अजगराचं पिल्लू समजून हात घालतात. तू आता बारा वर्षांच्या पोराच्या हातात ठिपक्याठिपक्यांचा, जाडजूड, गरीब साप देणार, तो गळ्यात घालून फोटो काढणार, आणि पोळ्याच्या आसपास धुऱ्यावर तसाच एखादा दिसला की त्याचा हात आपसूक पुढे जाणार. शेतात त्याच्यासोबत ताई असणार. तू नसणार, मीही नसणार.

तू म्हणशील, काका, तुम्ही स्वतः काय केलं? ऐक मग.

१९९६ चा पावसाळा. लग्नाला दीड वर्ष झालेलं. एका गोठ्यातून सहा-सात फुटांची धामण धरली आणि नाल्यावर सोडायच्या ऐवजी घरी आणली. तुझ्या काकूला म्हणालो, ‘घ्या, तुमच्यासाठी भेट. घरात उंदीर फार झालेत.’ मोठा विनोद केला असं वाटलं मला. पत्र्याच्या पेटीला खिळ्याने भोकं पाडून त्यात ठेवली. मी दिवसभर विहिरींवर मोटरी काढत फिरायचो. पाणी ठेवायची ती, पाचव्या महिन्यात असताना. बावीस दिवस धामणीने काही खाल्लं नाही. भोकांवर नाक घासून घासून वरची कातडी गेली, आतलं गुलाबी दिसायला लागलं. एका सकाळी काकूने पेटी ओढत नाल्यावर नेली आणि झाकण उघडलं. मी चार लोकांत तिला ओरडलो. ती एवढंच बोलली, ‘मले इचारलं होतं का तुमी?’

त्या काळी कुणाला काय कळत होतं, हे मी पुष्कळदा स्वतःला सांगून पाहिलं. नागपंचमीला गारुडी तोंड शिवलेला नाग घेऊन दारात यायचा, बाया त्याच्यापुढे दूध ठेवायच्या, साप दूध पीत नाही हे कुणी बोलत नव्हतं. त्या मानाने मी बरा. नंतरही रात्री दोनला कुणाच्या घरी जनावर निघालं म्हणून फोन आला की मीच उठलो, एक पैसा घेतला नाही, वनरक्षकाला कळवल्याशिवाय एक साप सोडला नाही. हे सगळं खरं आहे. तरी आजही मी रात्री परत आलो की काकू दारातच विचारते, ‘पिशवी रिकामी आहे ना?’ तिची माफी मी अजून मागितलेली नाही. मागायला हवी होती, हे तुला लिहितोय, तिला नाही, यावर तू हसलास तरी चालेल.

तेव्हा मला नको विचारूस. मी नाही म्हणालो तर तू माझ्यावर चिडून घेशील, हो म्हणालो तर माझ्या नावावर खपवशील. ताईच्या घरी जा, भाच्याला बाहेर पाठव, फ्रीजचं, उंदराचं, वीस वर्षांचं सगळं मोकळेपणी सांग आणि ती काय बोलते ते ऐक. लाडका भाऊ म्हणून ती गप्प बसली तर ते ‘हो’ समजू नकोस.

आणि पोराला सापच पाहायचे असतील तर मृग लागला की घेऊन ये. माझ्या मागच्या सीटवर जागा आहे. धामण दाखवीन, दिवड दाखवीन, विषारी मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांतला फरक दाखवीन. जुने गमबूट आहेत माझ्याकडे, त्याच्या पायाला मोठे होतील, कापूस कोंबू. येताना फक्त ताईला विचारून आण.

तुझा,
वाइंडिंगवाला काका